चुना आणि हेम्प : जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचा इतिहास



अध्यक्षांनी माझा परिचय करून देताना ‘या विषयाचे अभ्यासक’ असा शब्द वापरला. तो जरा जास्त झाला. मी तत्त्वज्ञानाचा शिक्षक. आयुष्यभर वर्गात खडू धरला, थापी कधी धरली नाही. या विषयाकडे मी आलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझी स्वतःची होती. म्हणून आधी ती सांगतो, मग इतिहासाकडे जाऊ.

वाईच्या बाजूला आमचं वडिलार्जित घर आहे. वाडा म्हणावा इतकं मोठं नाही, पण बांधणी वाड्याचीच. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर अडीच हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या आणि विटांच्या भिंती, भिंतींच्या पोटात सागवानी खांब, वरून चुन्याचा गिलावा. वडील गेल्यावर 1994 साली आम्ही भावांनी घराची डागडुजी काढली. गिलाव्याचे पोपडे निघत होते, दर पावसाळ्यानंतर काहीतरी पडायचं. गावातले जुने मिस्त्री बघायला आले. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, “भाऊ, चुनाच लावू. ही भिंत मातीची आहे, हिला सिमेंट सोसायचं नाही.” मी त्यांना विचारलं, “का सोसायचं नाही?” त्यांना ते शब्दांत सांगता आलं नाही. “नाही सोसत,” एवढंच म्हणाले. मी तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. ज्याला कारण सांगता येत नाही त्याचं म्हणणं मी कशाला ऐकू? मी पक्कं काम करायचं ठरवलं. आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. घर नव्यासारखं दिसायला लागलं. मिस्त्री पुन्हा आले नाहीत.

2006 च्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला पोट आलं आणि एका रात्री ती वरच्या अंगाला बसली. सकाळी टेकू देऊन सिमेंट फोडलं तेव्हा आतली माती हाताने दाबली तर पाणी सुटेल इतकी ओली होती, आणि सागवानी खांबाचा खालचा हातभर भाग बोटाने कुस्करता येत होता. सव्वाशे वर्षं टिकलेला खांब बारा वर्षांत गेला. आमची आई त्या भिंतीला लागून झोपायची. त्या आठवड्यात ती माझ्याकडे पुण्याला आली होती, म्हणून वाचली. त्या दिवसापासून मी मिस्त्रींच्या ‘नाही सोसत’ या दोन शब्दांचं कारण शोधतो आहे. आजचं व्याख्यान म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे असं समजा.

पहिल्यांदा चुना. आपल्या भाषेत चुन्याला फारशी प्रतिष्ठा नाही. फसवणाऱ्याला आपण ‘चुना लावला’ म्हणतो. मुंबईत चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे, पण तिथे उतरणाऱ्याला भट्टीची आठवण असेलच असं नाही. प्रत्यक्षात चुना हा माणसाने तयार केलेल्या सर्वांत जुन्या पदार्थांपैकी एक आहे. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. म्हणजे जवळजवळ निम्मा दगड हवेत गेला. या कळीवर पाणी टाकलं की ती उकळते, फुटते आणि तिचं लोणी होतं. हा विरवलेला चुना. तो भिंतीला लावला की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा रासायनिक अर्थाने चुनखडीच होतो. दगडापासून निघाला आणि दगडापाशी पोचला. मधल्या काळात तेवढा तो आपल्या हाताला मऊ असतो, आणि त्या मधल्या अवस्थेचा उपयोग म्हणजे चुन्याची सगळी कारागिरी.

ही परतीची वाट फार सावकाश चालते. पृष्ठभागापासून आत, हवा आणि ओलावा मिळेल तसतशी. म्हणून चुन्याच्या कामात घाई चालत नाही. पहिल्या शतकात प्लिनीने नोंदवलं आहे की, तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरायला कंत्राटदारांना जुन्या रोमन नियमांनी बंदी होती. तीन वर्षं! आपल्याकडे इतका काळ नसेल, पण चुना मुरवण्याची आणि मळण्याची पद्धत सगळीकडे होती. किल्ल्यांवर गेलात तर गोल चर आणि शेजारी पडलेलं दगडी चाक दिसतं. ती चुन्याची घाणी. बैल चाक फिरवायचे आणि चुना, वाळू, विटांची पूड, म्हणजे सुरखी, एकत्र दळली जायची. आपल्याकडे चुना भाजण्याचं काम लोणारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलं. किल्ला बांधणाऱ्या राजाचं नाव आपल्याला पाठ असतं. चुना भाजणाऱ्याचं कोणी लिहून ठेवत नाही.

सुरखीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. नुसता चुना हवेत घट्ट होतो, पाण्याखाली होत नाही. पण भाजलेल्या मातीची बारीक पूड त्यात मिसळली की दोघांची अशी काही प्रक्रिया होते की तो ओलीतही घट्ट धरतो. रोमन लोकांनी हे काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतलं, आपण विटेच्या पुडीकडून. हौद, तळी, पाण्याचे पाट यांना सुरखीचा चुना असतो तो यामुळे. आणि गूळ, बेलफळ, हिरडा, उडदाचं पाणी? हे सगळं आपण आजीच्या बटव्यातलं म्हणून हसून सोडून देतो. पण साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा जास्त विरघळतो, ही प्रयोगशाळेतली साधी गोष्ट आहे. गुळाचं पाणी घातलं की चुना थापीखाली सैल चालतो. मिस्त्रीला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण थापी काय सांगते ते माहीत होतं.

आता दुसरा पदार्थ, तंतू. कुठलाही गिलावा वाळताना आकसतो आणि आकसला की तडकतो. तडा जिथे सुरू होतो तिथे आडवा एखादा धागा असेल तर तो तड्याला धरून ठेवतो. हे तत्त्व जगात सगळीकडे सापडलं. इंग्लंडमध्ये गिलाव्यात गुराढोरांचे केस घालत. आपल्याकडे गवत, भाताचा तूस, ताग. जपानमध्ये ‘शिक्कुई’ नावाचा गिलावा आहे. विरवलेला चुना, हेम्पचे तंतू आणि समुद्री शेवाळाचा चीक. हिमेजीचा प्रसिद्ध किल्ला पांढराशुभ्र दिसतो तो याच शिक्कुईमुळे. त्या किल्ल्याची मोठी दुरुस्ती 2015 साली पूर्ण झाली आणि तीही शिक्कुईनेच केली. किल्ला पुन्हा खुला झाला तेव्हा लोक म्हणाले, हा फारच पांढरा झाला! वर्षागणिक तो रंग उतरणार, हे कारागिरांना माहीत होतं.

हेम्प म्हणजे नक्की काय, इथे थोडं थांबू या. शब्दांचे गोंधळ निस्तरणं हा आमचा धंदा. ‘हेम्प’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडे इतक्या सैलपणे वापरला की वनस्पतीच बदलून गेल्या. तागाला, ज्याला शेतकरी बोरूही म्हणतो आणि हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडतो, त्याला ते ‘सन हेम्प’ म्हणाले. अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’. फिलिपीन्समधल्या केळीच्या एका जातीच्या धाग्याला ‘मनिला हेम्प’. या तिन्ही वनस्पतींचा एकमेकींशी जवळचा काही संबंध नाही. नाव लावलं ते वनस्पतीला नाही, दोराला. खरा हेम्प म्हणजे कॅनाबिस सटायव्हा, आपल्या भाषेत भांगेचं झाड. भांग, गांजा आणि वाख या तिन्ही गोष्टी एकाच झाडाच्या. नशेचं द्रव्य मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यात, वाख खोडाच्या सालीत. आणि साल काढल्यावर उरतो तो आतला हलका काष्ठभाग. तागाच्या बाबतीत त्याला आपण सणकाड्या म्हणतो. बांधकामात हे दोन्ही भाग वेगवेगळ्या कामाला येतात, हे लक्षात ठेवा.

आणि आता महाराष्ट्र. 2016 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक लेख आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागात रसायनतज्ज्ञ असलेले राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सरदेसाई यांचा. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यात भांगेच्या झाडाचे अवशेष ओळखले. पुढे देवगिरी किल्ल्यातल्या यादवकालीन चुन्याच्या गिलाव्यातही याच वनस्पतीचा वापर आढळल्याचं प्रसिद्ध झालं. वेरूळला माती आणि हेम्प, देवगिरीला चुना आणि हेम्प. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून हाकेच्या नाही तरी पायी जाण्याच्या अंतरावर.

या संशोधनात अजिंठ्याशी तुलना होती. अजिंठ्याच्या गिलाव्यात हेम्प आढळत नाही, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी मोठं नुकसान केलं आहे. वेरूळच्या गिलाव्यात तशी कीड दिसत नाही. तेव्हा हेम्पमुळे कीड लागली नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. वर्तमानपत्रांनी तर ‘गांजाने वाचवली लेणी’ अशा थाटात बातम्या दिल्या. मला इथे विद्यार्थ्यांना सांगतो तेच सांगावंसं वाटतं. अनुमान शक्य आहे, आकर्षक आहे, पण दोन लेण्यांमध्ये फरक एकच नसतो. वाघोरा नदीच्या नाळेतली हवा वेगळी, वेरूळच्या डोंगरउताराची वेगळी. वटवाघळं, ओल, माणसांची ये-जा, चित्रं किती होती आणि किती उरली, सगळंच वेगळं. पण इतकं मात्र निश्चित की आपल्या कारागिरांना ही वनस्पती गिलाव्यासाठी माहीत होती, त्यांनी ती निवडून वापरली, आणि ती आज इतक्या शतकांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येण्याइतकी शाबूत आहे. एवढं सत्य मला पुरेसं वाटतं. त्याला फुगवण्याची गरज नाही.

मग हे सगळं विसरलं का गेलं? कारण सिमेंट आलं. पण ते एका दिवसात आलं नाही. 1750 च्या दशकात जॉन स्मीटन नावाचा इंग्रज अभियंता एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधत होता. समुद्राच्या पाण्यात टिकेल असा चुना त्याला हवा होता. त्याच्या लक्षात आलं की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. पुढे 1824 साली जोसेफ ॲस्पडिन याने ‘पोर्टलंड सिमेंट’ नावाचं पेटंट घेतलं. आजचं सिमेंट साधारण 1450 अंशांना भाजलं जातं. ते पटकन घट्ट होतं, कठीण होतं, पाणी अडवतं. भारतात 1914 साली पोरबंदरला कारखान्यात सिमेंट तयार होऊ लागलं. शंभर वर्षांत आपली भाषाच बदलली. चुन्यामातीचं घर ते ‘कच्चं’ आणि सिमेंटचं ते ‘पक्कं’. ज्या वाड्यांत आपल्या सात पिढ्या नांदल्या ते वाडे एका शब्दाने कच्चे झाले.

सिमेंट वाईट आहे असं मी म्हणत नाही. धरणं, पूल, आपण बसलो आहोत ते हे सभागृह, सगळं त्यावर उभं आहे. प्रश्न आहे तो जोडीचा. जुनी भिंत काय करते? जमिनीतली ओल वर खेचते, पावसाची ओल आत घेते आणि उन्हाळ्यात चुन्याच्या छिद्रांमधून ती बाहेर टाकते. ओल येऊच नये अशी तिची रचना नाही, आलेली ओल निघून जावी अशी आहे. काळ्या दगडाच्या बांधकामात तर ही गोष्ट जास्त महत्त्वाची. आपला बेसाल्ट इतका घट्ट की त्यातून पाणी फारसं जात नाही. म्हणजे पाण्याला वाट उरते ती फक्त सांध्यांची. त्या सांध्यांमध्ये, त्या दर्जांमध्ये तुम्ही सिमेंट भरलं की वाट बंद. पण पाणी यायचं थांबत नाही. छपरातून, जोत्यातून, केसाएवढ्या भेगेतून ते येतच राहतं आणि आत साठतं. सिमेंटमधले क्षारही त्यात मिसळतात. मग लोणा फुटतो, दगडाचे पापुद्रे निघतात, वीट भुगा होते, लाकूड कुजतं. बाहेरचा गिलावा मात्र शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो. आमच्या घरात तेच झालं. रोग आत आणि चेहरा टवटवीत.

दुसरं कारण मऊपणाचं. चुना भिंतीपेक्षा मऊ असतो. भिंत थोडी हलली तर चुना थोडा सरकतो, बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्या तड्यात पुन्हा साचून तो बुजवतो. झिजायचं असेल तर चुना झिजतो, दगड नाही. जुन्या बांधणीत दुबळं काय असावं हे ठरवलेलं असतं, आणि ते दुबळं असतं ते बदलता यावं म्हणून. सिमेंट लावलं की हा क्रम उलटतो. मऊ वीट झिजते आणि कठीण सांधा उभा राहतो. मिस्त्रींचं ‘सोसत नाही’ ते हे. त्यांचा शब्द अगदी नेमका होता. अज्ञान माझं होतं.

माझ्या अज्ञानाला सोबत मात्र मोठ्या लोकांची होती. अथेन्सच्या पार्थेनॉनवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पडलेले संगमरवरी तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडले. प्राचीन ग्रीकांनीही लोखंडच वापरलं होतं, पण त्यावर शिसं ओतून. बालानोसचं लोखंड गंजलं, फुगलं आणि संगमरवर फुटला. पुढच्या पिढीला ते सगळं सोडवून पुन्हा टायटॅनियमने जोडावं लागलं. 1931 च्या अथेन्स सनदेने तर जुन्या वास्तूंच्या मजबुतीसाठी काँक्रीटसारखी आधुनिक साधनं विचारपूर्वक वापरायला संमती दिली होती. 1964 च्या व्हेनिस सनदेत सूर बदलला. पारंपरिक तंत्र अपुरं पडेल तिथेच आधुनिक तंत्र, आणि तेही अनुभवाने सिद्ध झालेलं. तेहतीस वर्षांत जगाने जे शिकलं ते आमच्या गावच्या मिस्त्रींना ठाऊक होतं, आणि तरी 1994 साली मी ते ऐकलं नाही.

आता चुना आणि हेम्प यांची आधुनिक गाठ कशी पडली ते सांगतो, कारण ती पडली तीच मुळी अशा एका चुकीच्या दुरुस्तीतून. फ्रान्समध्ये शाम्पान्य भागात नोजाँ-स्यूर-सेन नावाचं गाव आहे. तिथे लाकडी चौकटीची जुनी घरं आहेत. ओकच्या चौकटी आणि मधल्या जागेत माती व गवताचं भरण. विसाव्या शतकात अशा अनेक घरांची माती काढून तिथे सिमेंट भरलं गेलं, आणि ओक कुजायला लागला. 1980 च्या दशकात तिथल्या ‘मेझाँ द ला तुर्क’ या जुन्या घराची दुरुस्ती करताना शार्ल रासेती यांनी हेम्पच्या खोडाचे तुकडे चुन्यात कालवून ते चौकटीत भरले. त्या भागात हेम्पची शेती टिकून होती. वाख कागदाला आणि दोराला जायचा, आतला भुसकट भाग पडून असायचा. तो हलका, सच्छिद्र, आणि चुन्यात गुंडाळल्यावर सहसा कुजत नाही. पुढे याच मिश्रणाला ‘हेम्पक्रीट’ हे नाव मिळालं आणि त्याची नवी घरंही बांधली जाऊ लागली.

हेम्पक्रीटबद्दल आज फार उत्साह आहे. म्हणून त्याच्या मर्यादा आधी सांगतो. त्याच्या एका घनमीटरचं वजन साधारण तीनशे ते चारशे किलो भरतं, नेहमीच्या काँक्रीटचं दोन हजार चारशेच्या आसपास. इतकी हलकी वस्तू छपराचं वजन पेलत नाही. वजन लाकडी चौकटीने पेलायचं, हेम्पक्रीटने फक्त जागा भरायची आणि ऊन-थंडी अडवायची. ते वाळायला आठवडे, कधी महिने लागतात. आपल्या कोकणात किंवा महाबळेश्वरच्या पावसात हे काम कधी काढायचं याचा विचार आधी करावा लागेल. आणि काळ्या दगडाच्या किल्ल्याला हेम्पक्रीट भरायचा प्रश्नच येत नाही. तिथे चुन्याचा सांधा आणि गिलाव्यात तंतू, एवढंच काम.

कायद्याचं काय, असा प्रश्न कोणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात शासनाला तंतू किंवा बियांसाठी भांगेच्या झाडाच्या लागवडीला विशेष परवानगी देण्याची तरतूद आहे. उत्तराखंडने 2018 मध्ये असा परवाना देण्याची सुरुवात केली. आपण परवान्याशिवाय परसात झाड लावायला जाऊ नये. आणि त्याची गरजही नाही. घराच्या गिलाव्यासाठी ताग आणि अंबाडी आपल्या शेतात आहेतच. वेरूळच्या कारागिराने त्याच्या आसपास मिळणारा धागा घेतला. आपण आपल्या आसपासचा घ्यावा. परंपरा पाळायची म्हणजे त्याने काय घेतलं याची नक्कल नव्हे, त्याने कसा विचार केला ते समजून घेणं.

आता एक अवघड उदाहरण. जुन्या गोव्याचं बाँ जेझू चर्च आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. लाल जांभ्या दगडाचं. आपल्याला ते तसंच माहीत आहे, चित्रांत, टपाल तिकिटांवर. पण ते मुळात असं नव्हतं. 1605 साली ते पूर्ण झालं तेव्हापासून त्याच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो काढून टाकला. दगड दिसावा, वास्तू प्राचीन वाटावी म्हणून. जांभा हा सच्छिद्र दगड. गोव्याचा पाऊस तेव्हापासून थेट त्यात जातो आहे आणि दगड झिजतो आहे. आज काही तज्ज्ञ म्हणतात, पुन्हा गिलावा करा. काही म्हणतात, आता लोकांच्या मनात हे लाल चर्च आहे, पांढरं केलंत तर ते ओळखूच येणार नाही. खरं चर्च कोणतं? साडेतीनशे वर्षांचं पांढरं, की सत्तर वर्षांचं लाल?

इथे माझा विषय येतो. आमचे नैयायिक म्हणतात, वस्त्राचा एक धागा जरी काढला तरी मूळ वस्त्र नष्ट होतं आणि नवं ‘खंडपट’ उत्पन्न होतं. ‘हे तेच वस्त्र’ असं आपण म्हणतो ते सारखेपणामुळे. बौद्ध त्याहून पुढे जातात. नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक की आस की जू? यातलं काहीच नाही, तर रथ कुठे आहे? ग्रीकांनी हाच प्रश्न थिसियसच्या जहाजाबद्दल विचारला. एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? मी हे चाळीस वर्षं शिकवलं आणि दरवेळी मला वाटे की हा प्रश्न बुद्धीची कसरत म्हणून ठीक आहे. भिंत पडल्यावर कळलं की हा रोजचा प्रश्न आहे.

त्याचं मला सापडलेलं उत्तर असं. जुन्या घराचं जुनेपण त्याच्या कणांत नसतं. चुन्याचा गिलावा मुळात बदलायचाच असतो. दर दिवाळीला सफेदी, काही वर्षांनी गिलावा, एखाद्या पिढीत दर्जा. जे बदलत नाही ते म्हणजे बदलण्याची रीत. ती रीत चालू आहे तोवर घर तेच आहे, मग त्यातला एकही मूळ कण उरला नाही तरी. आणि ती रीत तुटली की सगळे मूळ कण जागेवर असूनही घर मेलेलं असतं. मी 1994 साली भिंत वाचवली आणि रीत मोडली. म्हणून भिंतही गेली. बाँ जेझूचं म्हणाल तर माझं मत गिलाव्याच्या बाजूने पडतं. पण चार जाणत्यांनी वेगळं म्हटलं तर मी ऐकून घेईन. ऐकून न घेण्याची किंमत मी मोजलेली आहे.

2007 ते 2009 अशी तीन वर्षं आम्ही घर पुन्हा केलं. मिस्त्री तोवर वारले होते. त्यांचा मुलगा गवंडीच, पण तो सिमेंटवर वाढलेला. त्याला चुना येत नव्हता. वडिलांचे हात त्याने लहानपणी पाहिले होते, तेवढ्यावर त्याने सुरुवात केली. पहिला गिलावा घाईत केला, वर ऊन लागलं, आठवड्यात तडकून गेला. दुसऱ्या वेळी ओल्या गोणपाटाने झाकला, दिवसातून तीन वेळा पाणी मारलं. ताग बोटाएवढा कापून, पिंजून चुन्यात मिसळला. कळी विरवताना त्याच्या मनगटावर फोड आले, तेव्हापासून डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे लावल्याशिवाय कोणी कळीजवळ जायचं नाही असा नियम केला. तुम्ही कोणी हे काम करणार असाल तर हा नियम विसरू नका. चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. जुनं ते सगळं निर्धोक असतं असं मानू नये.

सिमेंट काढल्यावर भिंती सुकायला दोन उन्हाळे लागले. कुजलेल्या खांबाचा तळ कापून तिथे नवं सागवान सांधलं. खर्च सिमेंटपेक्षा जास्त आला, हेही सांगतो, कारण मजुरी जास्त लागते. पण त्या मजुरीतून गावात एक माणूस चुना शिकला. आज आसपासच्या देवळांच्या आणि वाड्यांच्या कामाला त्याला बोलावणं येतं. एकदा मी त्याला विचारलं, “सिमेंट का नाही चालत, हे गिऱ्हाइकाला काय सांगतोस?” तो म्हणाला, “सर, मी ओल, क्षार, छिद्रं सगळं सांगतो. तुम्हीच शिकवलंत. पण माणसं ऐकत नाहीत. मग मी तुमच्या भिंतीची गोष्ट सांगतो, तेव्हा ऐकतात.”

तेव्हा श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे जुनी घरं आहेत त्यांना माझी एवढीच विनंती. दुरुस्ती काढण्याआधी भिंत कशाची आहे ते पाहा. छप्पर आणि पन्हळी आधी नीट करा, कारण निम्मी ओल तिथूनच येते. गिलाव्याचा एक तुकडा काढून जाणत्याला दाखवा. आणि गावातला एखादा म्हातारा गवंडी ‘सोसायचं नाही’ म्हणाला, तर त्याच्याकडे कारण मागू नका असं मी म्हणणार नाही. कारण जरूर मागा. पण त्याला ते सांगता आलं नाही म्हणून ते नाहीच, असं समजू नका. कारण शोधणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. मी ते बारा वर्षं उशिरा केलं.